काकू, ती सूट तुमच्याच खिशातून जातेय

या वेळचं पत्र डोंबिवली पूर्वेहून आलंय. आठ पानी आहे, पाठपोट लिहिलेलं. त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा इथे देते.

"ताई, नमस्कार. गेली १४ वर्षं मी घरच्या घरी पाळणाघर चालवते. तळमजल्यावरचा आमचा वन बीएचके आहे, स्वतःचा, म्हणून भाडं नाही. सध्या ११ मुलं आहेत. त्यांतली ७ पूर्ण दिवसाची, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात. त्यांचे महिन्याला ५,५०० घेते. तिघं शाळा सुटल्यावर येतात, त्यांचे ३,०००. अकरावी एक दीड वर्षाची छोटी आहे. तिची आई इथल्याच एका नर्सिंग होममध्ये आया आहे. बारा तासांची ड्युटी, पगार ११,०००. वडील भाड्याची रिक्षा चालवतात, मालकाचे पैसे देऊन उरेल ते घरात. ती पहिल्या दिवशी आली आणि विचारलं, 'काकू, किती?' मी साडेपाच हजार म्हटलं. ती काही बोलली नाही, मुलीला कडेवर घेतलं आणि निघाली. मी फाटकापाशी गाठून 'अडीच दे' म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता मागचे दोन महिने तेही आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात माझी हिशेबाची डायरी शूरॅकवर उघडी राहिली आणि एका मुलाच्या आईने ती पाहिली. या ताई बँकेत आहेत. म्हणाल्या, 'एकाच पाळणाघरात दोन भाव? मग आम्हीच का साडेपाच भरायचे? आमच्या पैशांवर दुसऱ्यांची मुलं सांभाळता का?' दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना ते कळलेलं होतं. त्यातली एक हळूच म्हणाली, त्या छोटीला खायला तरी वेगळं बसवा. कारण ती डब्यात पारलेजी आणि बाटलीत चहा आणते, आणि मग आमची मुलं सफरचंदाच्या फोडी टाकून बिस्किटं मागतात.

आमचे हे म्हणतात, धंदा कर नाहीतर समाजसेवा कर, दोन्ही एका घरात करू नको. दोन मदतनीस मावशींना १५,००० जातात. दूध, खाऊ, गॅस, लाइट, फिनेल यांना साधारण १०,०००. हातात २५,००० राहतात. पण छोटीला नाही म्हणवत नाही. तिची बहीण नऊ वर्षांची आहे, चौथीत. छोटी माझ्याकडे यायच्या आधी तीच घरी बसून तिला सांभाळायची. काय करू?"

काकू,

तुम्हाला अख्खी बिल्डिंग काकू म्हणते तेव्हा मीही म्हणते, वयाने बहुधा मी मोठी असेन. पहिलं काम म्हणजे ती डायरी कपाटात ठेवा आणि किल्ली कमरेला लावा. तुमचे दर काय आहेत हे चारचौघांत सांगायला हरकत नाही. कोण किती देतं हे मात्र चपला काढता काढता कुणी वाचायचं नसतं. त्या आयाबाईला अजून हे कळलेलं नसेल, अशी आशा करू. कळलं तर ती उद्यापासून यायची नाही, आणि पैसे नाहीत हे कारणही सांगणार नाही. 'गावाहून सासू आलीय' म्हणेल.

आता हिशेब. तुम्ही आकडे दिलेत म्हणून तुमचे आभार, लोक पानंच्या पानं लिहितात आणि आकडा देत नाहीत. सात जणांचे ३८,५००, तिघांचे ९,०००, छोटीचे २,५००. झाले ५०,०००. त्यातून २५,००० खर्च. छोटीची फी पूर्ण घेतली असती तर तुमच्या हाती २८,००० पडले असते. म्हणजे छोटीला मिळणारी तीन हजारांची सूट ना बँकेतल्या ताई देताहेत, ना बाकीचे पालक. ती तुम्ही देताय. बँकेतल्या ताई छोटी यायच्या आधीही साडेपाचच भरत होत्या आणि छोटी उद्या गेली तरी साडेपाचच भरतील. त्यांच्या पैशांतला एक रुपया तिच्याकडे जात नाही. हे त्यांना सांगायच्या आधी तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे. पत्रात तुम्ही चार ठिकाणी 'माझं चुकलं का' असं विचारलंय, आणि ते वाचून मला वाटतं की ते तुम्हाला अजून पटलेलं नाही.

बरं, साडेपाच हजार म्हणजे तरी किती? रोजचे बारा तास, महिन्याचे २६ दिवस, मिळून ३१२ तास. तासाला साडेसतरा रुपये. एका वडापावच्या भावात तासभर मूल सांभाळलं जातं, आणि तेही दूध-खाऊ देऊन. तुमची स्वतःची कमाई तासाला ऐंशी रुपये पडते. पूर्ण वेळच्या मावशीला तुम्ही समजा दहा हजार देत असाल, तर तिची तासाला बत्तीस. मावशीच्या घरी तान्हं मूल असतं तर तुमच्या पाळणाघराची फी भरायला तिला निम्म्याहून जास्त पगार लागला असता. रागावू नका. तुम्ही कंजूष आहात असं मला म्हणायचं नाही, पन्नास हजारांच्या धंद्यात यापेक्षा वेगळं जमणार कसं? पण दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं मूल सांभाळायला द्यायला परवडू नये, ही गोष्ट तुमच्या घरातही आहे आणि त्या नर्सिंग होममध्येही आहे. तिथे ती आया दिवसभर इतरांची बाळं पुसते.

बँकेतल्या घरात दोघांचे मिळून महिन्याला लाखभर येत असतील असं धरू. त्यांच्यासाठी तुमची फी म्हणजे शंभरातले साडेपाच रुपये. आयाबाईसाठी तीच फी म्हणजे तिच्या शंभरातले पन्नास. तुम्ही अडीच हजार केलेत तरी तिचे शंभरातले तेवीस जातात. तेव्हा 'दोन भाव' हा आरोप उलटा करून पाहा. टक्क्यांत मोजलं तर तुमच्या पाळणाघरात सगळ्यांत महाग जागा तिची आहे.

(एक बारीक गोष्ट इथे टोचते, ती बोलून टाकते. पाळणाघराची फी आपण नेहमी आईच्या पगारातून वजा करतो. बँकेतल्या ताईंच्या घरीही 'तुझ्या पगारातले साडेपाच तर पाळणाघरालाच जातात' असं कुणीतरी म्हणत असणार. बापाच्या पगारातून ते का जात नाहीत, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. आणि त्या वाक्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'मग नोकरी करून उरतं काय?')

तुमच्या यजमानांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. समाजसेवा तुमच्यावर का यावी? जे काम सरकारने आणि मालकाने करायचं, ते तुमच्या वन बीएचकेत येऊन पडलंय. कसं ते सांगते, कारण त्या आयाबाईला यातून थोडंफार मिळवूनही देता येईल.

अंगणवाडी आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे, पन्नास वर्षं झाली. पण छोटीच्या वयाला अंगणवाडी म्हणजे पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, मूल तिथे बसवून घेत नाहीत. तीन वर्षांपुढे मूल अंगणवाडीत जातं, गरम खाऊ मिळतो, गाणी-गोष्टी होतात, आणि तीन-चार तासांत सगळं आटोपतं. बारा तासांच्या ड्युटीला दुपारी सुटणारी अंगणवाडी काय पुरणार? तरीही छोटीचं नाव तिथे नोंदवायला सांगा. त्याला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागत नाही, अंगणवाडी सगळ्या मुलांसाठी आहे. गावचा पत्ता आहे म्हणून नाव घेत नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. आईचं आधार कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन जावं. आहाराच्या पाकिटांच्या चवीबद्दल मी काही बोलत नाही. पण लसीकरण, वजन-उंचीची नोंद या गोष्टी तिथे फुकट आणि नियमित होतात. मूल कमी वजनाचं असेल तर पहिल्यांदा लक्षात येतं ते सेविकेच्याच. त्या सेविकेलाही पगार नाही बरं का, 'मानधन' आहे. २०२३ च्या डिसेंबरात याच मानधनासाठी राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या होत्या, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला त्यांना २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मूल सांभाळणाऱ्या बाईला आपण मानधन देतो, नाहीतर 'काकू' म्हणतो.

सरकारी पाळणाघर ही गोष्टही अस्तित्वात आहे. आधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, २०२२ पासून ती केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' योजनेत 'पाळणा' या नावाने आली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, आणि काही ठिकाणी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलेलं. तुमच्या भागात असं एखादं आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येईल. अंगणवाडी सेविका पत्ता सांगेल. असलं तरी साडेसात तास आणि बारा तास यांच्यामध्ये साडेचार तास उरतातच. ते कुणी सांभाळायचे? पुन्हा तुम्हीच, नाहीतर चौथीतली ताई.

या योजनेतली एक गोष्ट मात्र मुद्दाम लक्षात ठेवा, तुम्हाला कामाला येईल. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पालकांकडून फी घ्यायची सोय होती, आणि ती एकसारखी नव्हती. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये, महिन्याचं उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १००, त्याहून जास्त असेल तर २००. एका छपराखाली तीन भाव, सरकारी कागदावर. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही.

आता मालक. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, असं ठरलं. पन्नास माणसांची पाळणाघराची अट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर, नर्स, आया, वॉर्डबॉय, रखवालदार धरून किती डोकी आहेत, ते आयाबाईला मोजायला सांगा. पन्नास भरली तर एकटीने नाही, चार-पाच आयांनी मिळून विचारावं. एकटीने विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, हे मला माहीत आहे. एकोणपन्नास भरली तर कायदा तिथेच संपला. (बारा तासांच्या ड्युटीला अकरा हजार हे किमान वेतनात कसं बसतं, हा निराळा प्रश्न. तोही त्याच चार-पाच जणींनी विचारण्यासारखा आहे.)

आणि गंमत बघा. याच कायद्याचा फायदा बँकेतल्या ताईंना मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. शाखेत दहा-बारा माणसं असली तरी काही बँका आणि कंपन्या पाळणाघराच्या फीचा परतावा देतात. त्यांनी त्यांच्या एचआरकडे विचारलंय का? विचारलं नसेल तर तुम्हीच सुचवा. परतावा मागायला पावती लागते. तुम्ही पावती देता? पत्रावरून तरी देत नसाव्यात असं वाटतं.

मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने, त्या चौथीतल्या मुलीने.

माझी मोठी मावशी चौथीत होती तेव्हा तिचं नाव शाळेतून काढलं. आजी दुसऱ्याच्या शेतावर जायची आणि माझी आई तेव्हा सात महिन्यांची होती. मावशी शेवटपर्यंत पेपर वाचायची तो मोठ्याने, अक्षराला अक्षर जोडत. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी कौतुकानेच सांगितली गेली. 'ताईने तिला कडेवर वाढवलं.' मावशीच्या तेराव्याला सुद्धा कुणीतरी तेच म्हणालं. माझी आई शिकली, नोकरीला लागली. तिच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला, असं विचारलं की आजोबांचं नाव निघायचं. मावशीचं नाही.

हे नवीन नाही आणि फक्त खेड्यातलंही नाही. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईतल्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवत आणि मग पाळीला जात, असं त्या काळच्या अहवालांत नोंदलेलं आहे. बाळगोळी नाहीतर थोरली बहीण. तिसरी सोय परवडणाऱ्यांसाठी होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार लवकर कळलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एका जागी आणली. तिला विकासवाडी म्हणत. कारण साधं होतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला काखेत घेऊन शाळेच्या दारात उभी राहते. धाकट्याला ठेवायला जागा दिलीत तरच तिच्या हातात पाटी येते. तुमच्या घरात तुम्ही अर्धी विकासवाडी चालवताय काकू, पाळणाघर तुमच्याकडे आणि शाळा महापालिकेची. तीन हजारांत एक मुलगी सांभाळली जाते आणि दुसरी चौथीत बसते. तुम्ही अकरा मुलं मोजलीत, मी बारा मोजते.

म्हणून माझा सल्ला असा की छोटीला काढू नका. पण आता जे चाललंय तसंही चालू ठेवू नका. फाटकापाशी तोंडातून निघालेला अडीच हजार हा भाव नव्हे, ती दया आहे. दया घेणाऱ्याला रोज खाली मान घालायला लावते आणि देणाऱ्याला महिनाअखेरी चिडायला. त्याचा नियम करा. दोन जागा कमी फीच्या ठेवा, दोनच. तिसरी आई आली तर तिला सांगायचं की जागा भरली, रिकामी झाली की कळवते. याने तुम्हालाच वाईट वाटेल, पण २५ हजारांतून तुम्ही यापेक्षा जास्त देऊ शकत नाही. पूर्ण फीच्या मुलाऐवजी दुसरी जागा भरली तर हातात २२ हजार उरतील, तेव्हा तीही लगेच भरायची घाई नाही. नियम सोपा ठेवा. आईच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत फी. अकरा हजारांचा चौथा हिस्सा पावणेतीन हजार होतो, म्हणजे अडीच बरोबर बसतात. पगाराची स्लिप वगैरे मागू नका, अशा बायकांना स्लिप मिळत नाही आणि मिळणारीला ही जागा लागत नाही. हा नियम कागदावर लिहून दाराच्या आत लावा. नावं नाहीत, फक्त दर.

थकलेल्या दोन महिन्यांबद्दल मला एक शंका आहे. तुम्ही फी पाच तारखेच्या आत घेता. तिचा पगार कधी होतो, हे विचारलंत का? लहान नर्सिंग होममध्ये बारा-पंधरा तारखेलाही पगार होतात. मग घरभाडं, उधारी, रिक्षामालकाचे पैसे यांत ते संपतात आणि तुमची पाच तारीख आली की ती पुन्हा 'मागे' असते. तसं असेल तर तिची फीची तारीख तिच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशीची करा. तेही जमत नसेल तर आठवड्याला सव्वासहाशे घ्या. रिक्षावाल्याच्या घरात पैसा रोज येतो, महिन्याला येत नाही. मागचे पाच हजार माफ करू नका, महिना पाचशेने फेडू द्या. माफ केलेत तर ती तुमच्याकडे बघून बोलायची बंद होईल.

डब्याचं काय करायचं? वेगळं बसवायचं नाही. याच्यावर चर्चा नको. ज्यांनी सुचवलं त्यांना हसून 'माझ्याकडे पंगत एकच असते' एवढंच म्हणा. पण त्यांच्या तक्रारीतला अर्धा भाग बरोबर आहे. दीड वर्षाच्या पोरीला चहा देऊ नये. चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटून ती जेवत नाही. आई चहा देते कारण अर्धा कप दुधात चार कप चहा होतो, तिला कळत नाही म्हणून नव्हे. तेव्हा डबेच बंद करा. सकाळचा खाऊ सगळ्यांना तुमच्याकडचाच. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी उपमा, कधी नाचणीची पेज, कधी केळं आणि उकडलेला बटाटा. त्यासाठी छोटी सोडून बाकी दहा मुलांची फी प्रत्येकी तीनशे रुपयांनी वाढवलीत तर कुणी कुरकुरणार नाही. पावणेआठची लोकल पकडणारी बाई सकाळी सहाला सफरचंद चिरण्यातून सुटली तर ती तुम्हाला दुवाच देईल. आठवडाभर मुलं रडतील, बिस्किटं मागतील, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तीनशे गुणिले दहा बरोबर तीन हजार, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे छोटीची तूट बरोब्बर भरून निघते. मोह होईल. ते करू नका. ते पैसे पूर्ण खाऊवर जाऊ द्या. नाहीतर आज खोटा असलेला बँकेतल्या ताईंचा आरोप उद्या खरा होईल. तुम्हाला फी वाढवायचीच असेल तर जूनपासून उघडपणे वाढवा, आणि त्यातले काही मावशींच्या पगारात घाला.

आता बँकेतल्या ताई. त्या वाईट बाई आहेत असं मला वाटत नाही. दिवसभर व्याजाचे दर बघणाऱ्या बाईला दोन दर खटकणारच. शिवाय साडेपाच हजार त्यांनाही फुकट येत नाहीत, घराचा हप्ता असेल, सासऱ्यांची औषधं असतील. संध्याकाळी त्या दारात उभ्या असताना, अर्धं लक्ष मुलाच्या बुटात असताना हे बोलू नका. रविवारी चहाला बोलवा. त्यांना एवढंच सांगा, "ताई, तुमच्या फीत कुणाचा वाटा नाही. सूट मी देते, माझ्या पैशांतून देते, आणि दोनच जागांना देते. तुम्हाला साडेपाच जड जात असतील तर तसं सांगा, आपण बघू." शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. क्वचित एखादीला ते खरंच जड जात असतं आणि बोलवत नसतं. नाही पटलं तर त्या मुलाला काढतील. काढू द्या. डोंबिवलीत तासाला साडेसतरा रुपयांत बारा तास मूल सांभाळणारं घर रिकामं राहत नाही, महिनाभरात जागा भरेल.

यजमानांना सांगा की धंदाच करतेय, फक्त हिशेब आता लिहून ठेवतेय. आणि हिशेबाची सुरुवात पावतीपुस्तकापासून करा. डोंबिवली स्टेशनबाहेर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, कार्बनवालं घ्या. बँकेतल्या ताईंना परताव्यासाठी लागेलच. आयाबाईलाही द्या, अडीच हजाराची, तिच्या नावाची, पूर्ण फी भरणाऱ्याला देता तशीच.